वर्ज्य पदार्थ पुन्हा ताटात

लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. दोऱ्याला गोळा बांधायचा, तो हलकेच एका बाजूला नेऊन सोडायचा आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा. समजा, एखाद्याने पहिल्या खेपेला लांब दोरा व पितळी गोळा घेतला आणि दुसऱ्या खेपेला आखूड दोरा व लाकडी गोळा. दुसऱ्या वेळी लंबक भरभर हलला. "लाकडी गोळा हलका, म्हणून लंबकाचा दोलनकाल कमी," असे त्याने वहीत लिहिले, तर गुरुजी त्यावर लाल रेघ ओढतील. दोरा आणि गोळा दोन्ही एकदम बदलले. मग श्रेय गोळ्याला कसे द्यायचे? वस्तुतः दोलनकाल ठरतो तो दोऱ्याच्या लांबीवर. गोळ्याच्या वजनाचा त्यात काही हात नसतो.

प्रयोगशाळेत ही चूक पकडायला गुरुजी असतात. स्वयंपाकघरात ती पकडायला कोणी नसते. समजा, एका आठ वर्षांच्या मुलीच्या अंगावर वारंवार पुरळ उठते, खाज सुटते, मधूनमधून पोट दुखते. कोणी सांगते दूध बाधत असेल, कोणी म्हणते गहू, कोणी शेंगदाण्यावर बोट ठेवते, तर कोणी अंड्यावर. काळजीपोटी घरचे लोक चारही पदार्थ एकाच दिवशी बंद करतात. तीन आठवड्यांत पुरळ जाते. "पथ्याने गुण आला," असे सर्वांचे मत पडते, आणि त्या दिवसापासून मुलीच्या ताटातून चार पदार्थ कायमचे हद्दपार होतात.

आता तुम्ही विचार करा. भिंतीवर चार बटणांचा फलक आहे, कोणते बटण कोणत्या दिव्याचे ते ठाऊक नाही. तुम्ही चारही बटणे एकदम बंद केली आणि दिवा विझला. कोणत्या बटणाने विझला? सांगता येणार नाही. इतकेच काय, नेमकी त्याच क्षणी वीज गेली असेल, तर बटणांचा दिव्याशी संबंधच नाही असेही असू शकेल! अंगावरच्या पुरळाचेही असेच आहे. कित्येक विकार आपोआप वाढतात नि आपोआप ओसरतात, आणि माणूस पथ्य सुरू करतो ते त्रास अगदी शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी पुढचे काही दिवस बरे जाण्याचाच संभव अधिक.

फलकाचे कोडे सोडवण्याचा मार्ग तुम्हाला ठाऊक आहे: एकेक बटण पुन्हा चालू करून पाहायचे. पथ्याच्या बाबतीतही प्रयोगाचा उत्तरार्ध हाच, आणि तोच बहुधा राहून जातो. पदार्थ काढून टाकणे सोपे असते. काढलेला पदार्थ पुन्हा ताटात आणायला धीर लागतो, शिस्त लागते आणि पुष्कळदा डॉक्टरही शेजारी लागतात. पण ते केले नाही, तर वाढत्या वयातले मूल कॅल्शियम, प्रथिने व उष्मांक यांना विनाकारण मुकते. शिवाय वाढदिवसाला, सहलीला, मधल्या सुट्टीत ते इतरांपासून वेगळे बसते ते निराळेच.

केळ्यांना मिळालेले श्रेय

या उत्तरार्धाने वैद्यकातले एक मोठे कोडे कसे सुटले, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. काही लहान मुले खाऊनपिऊनही सुकत जातात. पोट मात्र फुगलेले असते आणि शौचाला भरपूर, फिकट व तेलकट होते. या विकाराला आज सीलिअ‍ॅक विकार म्हणतात. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी त्याचे नेमके वर्णन केले. यावर इलाज सापडलाच तर तो आहारातच सापडेल, असा त्यांचा कयास होता. पण नेमके काय बाधते, हे कोणालाच कळत नव्हते.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी या मुलांना केळ्यांचा आहार देऊन पाहिला आणि मुले सुधारली. केळ्यांचा बोलबाला झाला आणि तो पुष्कळ वर्षे टिकला. तुम्ही एव्हाना ओळखले असेल की इथे दोरा नि गोळा एकदम बदलले होते. हास यांच्या आहारात केळी आली होती, हे खरे. पण त्याच वेळी पाव व इतर तृणधान्ये बंदही झाली होती. गुण आला तो ताटातून गेलेल्या पदार्थामुळे आणि कौतुक झाले ते ताटात आलेल्या पदार्थाचे.

हा गुंता सोडवला हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने. डिके हे द हेग शहरातील ज्युलियाना बालरुग्णालयात काम करीत. त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, पश्चिम हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंदही खाल्ले. निरोगी मुले खंगली, पण सीलिअ‍ॅकची मुले उलट सुधारली. आणि पाव पुन्हा आला तशी ती पुन्हा आजारी पडली. त्यावरून डिके यांना गव्हाचा संशय आला, अशी ही गोष्ट आहे. गोष्ट मोठी नाट्यमय आहे खरी. पण त्यांचा संशय त्याहून जुना होता. १९३० नंतरच्या दशकातच ते काही मुलांना गव्हावाचून ठेवून पाहत होते आणि १९४१ मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलेही होते. युद्धातल्या उपासमारीने त्यांच्या संशयाला बळ दिले, एवढेच म्हणावे. आकाशातून पडलेल्या सफरचंदापेक्षा वर्षानुवर्षे भरलेल्या वह्या अधिक खऱ्या असतात, असे मला तरी वाटते.

डिके यांच्या पद्धतीत पाहण्यासारखे काय आहे? त्यांनी मुलाचा बाकीचा आहार ठरीव ठेवला आणि फक्त पीठ बदलले. काही काळ गहू बंद, मग गहू चालू, मग पुन्हा बंद. तांदूळ, मका, बटाटा यांचीही तशीच परीक्षा घेतली. मुलाच्या वजनाचा आलेख काढला. गहू बंद असताना आलेख वर चढे आणि गहू परत दिला की काही काळाने अडखळे किंवा घसरे. तांदूळ किंवा मका दिल्याने तसे होत नसे. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध उट्रेख्त विद्यापीठाला सादर केला.

भौतिकीच्या विद्यार्थ्याला यापुढचा भाग विशेष आवडेल, कारण तो मोजमापाचा आहे. "मूल बरे दिसते" हे काही माप नव्हे. व्हान डे कामर या रसायनतज्ज्ञाने शौचातील स्निग्ध पदार्थ अचूक मोजण्याची रीत १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. निरोगी मुलाच्या आतड्यात खाल्लेल्या तेलातुपापैकी सुमारे ९५ टक्के शोषले जाते. सीलिअ‍ॅकच्या मुलात पुष्कळसे वाया जाते. म्हणजे पोटात किती गेले व बाहेर किती आले यांची वजाबाकी केली की विकाराला चक्क आकडा मिळाला! डिके, व्हान डे कामर आणि त्यांचे सहकारी वेयर्स यांनी गव्हाचे पीठ सुरू आणि बंद करून हा आकडा कसा हलतो ते पाहिले. गहू दिला की शोषण घटे, काढला की सुधारे.

पण गहू म्हणजे तरी काय एकच पदार्थ आहे? तुम्हाला घरी करून पाहता येईल. कणकेचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग भांड्यातल्या पाण्यात हलक्या हाताने चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. तो गव्हाचा स्टार्च. पाणी बदलत राहा. शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरेल. ते ग्लूटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढतात, तेव्हाही हेच घडते: स्टार्च तळाशी बसतो आणि चिवट चोथा वर गाळणीत राहतो. ज्वारीच्या पिठात हे ग्लूटेन नसते; म्हणून भाकरी पोळीसारखी ताणून लाटता येत नाही, थापावी लागते.

गव्हाचे असे भाग पाडून ते वेगवेगळे देऊन पाहिले गेले. १९५२ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे शार्लट अ‍ॅन्डरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि हॉलंडात डिके यांच्या गटाने हे काम केले. स्टार्च निर्दोष ठरला, ग्लूटेन दोषी ठरले. (म्हणून कुरडया सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला चालतील असे मात्र समजू नका. घरगुती धुण्याने सगळे ग्लूटेन निघत नाही आणि या विकारात किंचित अंशही बाधतो.) फलकावर बटण सापडले आणि बटणाच्या आतली तारही सापडली!

विद्युत्प्रवाह बंद करून मापन

आज या विकाराचे निदान रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांवरून आणि गरज पडल्यास आतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासून करतात. इथे एक गंमत, किंबहुना फजिती, वारंवार होते. संशय आला की लोक आधी गहू सोडतात आणि काही महिन्यांनी तपासणीला जातात. गहू नसल्यामुळे तोवर प्रतिपिंडे ओसरलेली असतात, आतडेही सावरलेले असते. तपासणीत काही आढळत नाही. विद्युत्मंडलाची कळ बंद करून अ‍ॅमीटरकडे पाहावे आणि "मंडलात दोष नाही" म्हणावे, तसाच हा प्रकार! मग डॉक्टरांना त्या मुलाला काही आठवडे मुद्दाम गहू खायला लावून तपासणी पुन्हा करावी लागते. आधी तपासणी, मग पथ्य, हा क्रम पाळला तर हा व्याप टळतो. उत्तर भारतात गव्हाचा वापर अधिक असल्याने हा विकार तिकडे जास्त दिसतो. पण पोळी आपल्याही ताटात रोज असते.

सीलिअ‍ॅक विकार जन्माचा सोबती आहे. तिथे पदार्थ पुन्हा देण्याचा उद्देश कारण पटवणे एवढाच असतो. ते एकदा पटले की गहू कायमचा बंद. दुधाच्या किंवा अंड्याच्या अ‍ॅलर्जीत प्रश्न निराळा असतो. ही अ‍ॅलर्जी बहुसंख्य मुलांत वाढत्या वयाबरोबर निघून जाते. म्हणून तिथे पदार्थ पुन्हा देऊन विचारायचे असते: कारण अजून शिल्लक आहे का?

किती थांबायचे, किती द्यायचे

तापमापक गरम पाण्यात बुडवताच लगेच वाचला तर आकडा चुकतो. पारा स्थिरावू द्यावा लागतो. प्रत्येक उपकरणाचा स्थिरावण्याचा काल वेगळा, तसाच प्रत्येक विकाराचाही. तीव्र अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. दुधातील साखर न पचण्याने होणारा त्रास काही तासांत जाणवतो. सीलिअ‍ॅकचा परिणाम दिसायला काही दिवस, कधी आठवडे जातात. तेव्हा सोमवारी दूध, मंगळवारी गहू आणि बुधवारी अंडे असा कार्यक्रम आखला, तर गुरुवारच्या पोटदुखीचा जाब कोणाला विचारणार? एका वेळी एकच पदार्थ आणि त्या विकाराला साजेसा विसावा, हे दोन नियम पाळावेच लागतात. सोबत वही हवी: काय दिले, किती दिले, किती वाजता दिले, काय झाले. "काही झाले नाही" हेही लिहायचे असते, आणि नेमके तेच लिहायचे राहते.

तीव्र अ‍ॅलर्जी ज्याला पूर्वी झाली आहे, ओठ-चेहरा सुजला आहे, श्वास कोंडला आहे, त्या मुलावर घरी हा प्रयोग कधीही करू नये. अशी प्रतिक्रिया पाहता पाहता जिवावर बेतते. तो प्रयोग रुग्णालयातच, अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात. तिथे मात्रा कशी वाढवतात ते पाहा. प्रचलित पद्धतीत पदार्थातील प्रथिनाचे ३, १०, ३०, १००, ३००, १००० आणि ३००० मिलिग्रॅम असे सात टप्पे घेतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर निदान वीस मिनिटे वाट पाहतात. त्रासाची स्पष्ट चिन्हे दिसली की तिथेच थांबतात.

या आकड्यांकडे नीट पाहा. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या तिप्पट किंवा त्याहून थोडी अधिक आहे. १० चे वर्गमूळ साधारण ३.१६, त्याने गुणत गेले की हेच आकडे मिळतात. ही भूमितीय श्रेणी. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते; त्या हिशेबाने पहिली मात्रा म्हणजे जेमतेम दोन थेंब आणि शेवटची सुमारे अर्धा कप. दर वेळी ३ मिलिग्रॅमनेच मात्रा वाढवली असती तर? ३००० पर्यंत पोचायला हजार टप्पे लागले असते. वीस मिनिटांनी एक या दराने जवळजवळ चौदा दिवस, अहोरात्र! भूमितीय श्रेणीने तेच काम अडीच तासांच्या आत होते आणि अगदी थोड्या मात्रेनेही बाधणारे मूल पहिल्या एकदोन पायऱ्यांवरच ओळखू येते.

पाहणाऱ्याचे डोळे

अजून एक अडचण उरतेच. प्रयोग करणाऱ्याला उत्तर आधीच "ठाऊक" असते. पूर्वी दुधाने त्रास झाला अशी खात्री असलेल्या मुलाला दूध दिसताच मळमळते. त्याच्या आईला त्या दिवशी एरवी नजरेआड होणारी एकेक फुटकुळीही दिसते. म्हणून संशयित पदार्थ दुसऱ्या एखाद्या खाद्यात बेमालूम मिसळून देतात. एके दिवशी खरा, एके दिवशी बनावट. कोणत्या दिवशी काय होते हे मुलाला, पालकांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसते. ती नोंद तिसऱ्याच माणसाजवळ असते. १९७६ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मे यांनी दमेकरी मुलांच्या बाबतीत ही पद्धत वापरून दाखवली आणि तेव्हापासून ती या क्षेत्रातली कसोटी मानली जाते.

या कसोटीने काय दिसले? बॉक आणि अ‍ॅटकिन्स यांनी सोळा वर्षांच्या चाचण्यांचा हिशेब १९९० मध्ये मांडला. एखादा पदार्थ बाधतो असा पूर्वेतिहास असलेली ४८० मुले त्यात होती. त्यांपैकी १८५ मुलांत, म्हणजे ३९ टक्क्यांत, ती बाधा कसोटीला उतरली. उरलेल्या मुलांना तो पदार्थ त्या चाचणीत बाधला नाही. त्या मुलांच्या घरचे लोक खोटे बोलत होते असे मुळीच नाही. काहींची अ‍ॅलर्जी वयाबरोबर गेली असेल, काहींच्या बाबतीत निराळ्याच कारणाचा आळ पदार्थावर आला असेल.

दुसरा प्रयोग साखरेचा आहे. "गोड खाल्ले की आमचा मुलगा उधम करतो," असे सांगणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे हूव्हर व मिलिच या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी निवडले. त्यांचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या आयांना सांगितले, "तुमच्या मुलाला भरपूर साखर दिली आहे." प्रत्यक्षात साखर कोणालाच दिली नव्हती, सर्वांना दिलेले पेय साखरेवाचून गोड केलेले होते. तरीही या आयांना आपली मुले जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांच्या अधिक जवळ राहून त्यांना अधिक टोकत राहिल्या. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. हसे पिकते आणि मुद्दाही चटकन उमगतो.

दूध पुन्हा देताना आता आणखी एक वाट वापरतात, ती उष्णतेची. प्रथिनाचा रेणू घडी घातलेल्या धाग्यासारखा असतो. बराच वेळ भट्टीची उष्णता मिळाली की पुष्कळ प्रथिनांची घडी उलगडते आणि जी घडी पाहून शरीर बिथरत होते ती त्याला ओळखता येत नाही. म्हणून ताजे दूध न सोसणाऱ्या अनेक मुलांना केकमध्ये भाजले गेलेले दूध सोसते. केक, मग कमी भाजलेले पदार्थ, मग दही-चीज आणि अखेर साधे दूध, अशा शिडीच्या पायऱ्या डॉक्टर ठरवून देतात. अर्थात सर्व प्रथिने अशी नमत नाहीत. अंड्यातील ओव्हल्ब्युमिन उष्णतेने बदलते, पण ओव्होम्युकॉइड बरेचसे टिकून राहते. शेंगदाण्याचे तर याच्या उलट आहे. तो भाजल्याने निर्धोक होत नाही.

आणि नुसते टाळत राहणे हेही बिनधोक नसते, असे अलीकडे दिसून आले आहे. अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये दिला होता. तो २००८ मध्ये मागे घेतला गेला. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने अशा ६४० तान्ह्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: पाचव्या वर्षी टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के.

म्हणूनच रुग्णालयातली चाचणी सुखरूप पार पडली की डॉक्टर पदार्थाला नुसती परवानगी देऊन थांबत नाहीत. तो आठवड्यातून किती वेळा आणि किती खायचा, हेही सांगतात. तरी कित्येक घरांत तो पुढेही बंदच राहतो. आईच्या हाताला सवय नसते, मनातून भीती गेलेली नसते. आणि मुलाला, ज्याने आठ वर्षे दुधाची चवच पाहिलेली नाही, दूध मुळात आवडतच नाही. अशा वेळी खिरीपासून किंवा श्रीखंडापासून सुरुवात करायला काहीच हरकत नसते.